मालकांचा नसलेला भाऊ

आमच्या मालकांचं नाव तवनाप्पा. कृष्णेकाठी आमचं गाव, सांगलीपासनं फार लांब न्हाई. ऊस हाय, हळद हाय, दोन म्हशी हायत. माणूस निर्मळ, कुणाच्या काडीला हात लावायचा न्हाई, पण संशयी असा की काय सांगू! फोनवर कोण गोड बोललं की झालंच. "तुला माझं नाव कुणी दिलं?" असं दरडावून एकदा ब्यांकेच्या खऱ्याखुऱ्या साहेबाचीच हजेरी घेतली. ऊस कारखान्याला निघाला की ट्रॅक्टरमागनं ह्यांची फटफटी, वजनकाट्यावर स्वतः जाऊन उभं राहायचं. लग्नात अंतरपाट बाजूला झाला तवा समदे नवरे लाजून खाली बघतात. ह्यांनी माझ्या तोंडाकडं टक लावून बघितलं, दाखवली ती हीच हाय का म्हणून! माझे वडील आण्णा पुढं कैक वर्षं ते सांगून हसायचे. मला काय हसू यायचं न्हाई.

पण अशा माणसाबरोबर जन्म काढला की आपल्यालाबी ती खोड लागती. मला पहिला संशय आला तो कराडचा.

दर महिन्याला एक दिवस हे सकाळच्या एसटीनं कराडला जायला लागले. कशाला? तर गुळाचा भाव बघाय. आता सांगलीतली गुळाची पेठ सोडून हा माणूस सातारा जिल्ह्यात जाऊन गुळाचा भाव बघणार, आन् आमी तर गूळ करतच न्हाई, ऊस सगळा कारखान्याला जातो. म्हणलं, "आवं, कराडात हाय तरी कोण?" तर म्हणाले, "कृष्णा आन् कोयना." चेष्टा बघा! पुन्हा विचारलं तर ताटावरनं उठून गेले.

दुसरा संशय दुधाचा. आमच्या जैनांत दिवस बुडायच्या आत खाणंपिणं आवरतात, रात्री पाण्याचा थेंब न्हाई. दिवस कलला की हे कट्ट्यावर बसून कपभर दूध प्यायचे आन् मी शेजारी वाती वळत बसायची. ते सोडून हे एकाएकी कप घेऊन हळदीच्या खोलीत जायला लागले, दार ओढून. "तिथं गार वाटतंय," म्हणाले. गरम दूध प्यायला गार जागा! मी तंबाखूचा वास येतो का बघितलं, आला न्हाई. गुटख्याच्या पुड्या हुडकल्या, घावल्या न्हाईत. मग मनात नको नको ते यायला लागलं. म्हणलं, या वयात ह्यांना कराडात कोण बाईबिई भेटली का काय? हसू नका. ज्याचं जळतं त्यालाच कळतंय, असं मला तवा वाटत हुतं.

आन् मग ते पडले. आमच्या बस्तीत, म्हंजे जैन देवळात, संध्याकाळची आरती झाली, हे मांडी सोडून उठले आन् उभ्याउभ्या कोसळले. पुढच्या खेपेला गोठ्यात पडले, म्हशीच्या पायात. डोळं पांढरं, हातपाय गार. मी बोंब मारली तशी आळी गोळा झाली. थोड्या वेळानं शुद्धीवर आले आन् पहिलं काय विचारलं? "मला ढकललं कुणी?"

आमचा गोमटेश पुण्यात कंपनीत हाय. तो गाडी घेऊन आला आन् वडलांना सांगलीच्या एका मोठ्या दवाखान्यात घातलं. तिथं कॉलेजबी हाय, शिकणारी पोरं-पोरी गळ्यात नळ्या अडकवून हिंडत असतात. छातीला तारा लावल्या, ठोके मोजले. मोठे डॉक्टर म्हणाले, ठोके मंद पडतात, म्हणून चक्कर येती. छातीत मशीन बसवावं लागेल, शुक्रवारी बसवू. आन् गोमटेशनं लगेच पुढचं ठरवून टाकलं. मशीन बसलं की दोघांनी पुण्याला यायचं, म्हशी विकायच्या, रान खंडानं द्यायचं. बापाला विचारलंबी न्हाई.

मालक भिंतीकडं बघत पडून राहिले. गोमटेश गेल्यावर म्हणाले, "मशीन खपवाय बसल्यात हे." मी म्हणलं, "तुमी पडताय ते बी ह्यांनीच पाडलं का?" आन् खरंच, दवाखान्यात आल्यावरबी संध्याकाळी मोरीकडं जाताना पुन्हा पडले. डोकं दाराला थडकलं. तवा माझा धीर सुटला. चाकू लावावा तर ह्यांची छाती फाडणार, आन् न लावावा तर कुठल्या संध्याकाळी हे पडतील ते उठणार न्हाईत. कुणावर भरोसा ठेवायचा? मला कायच कळंना.

त्यात ती पोरगी आली. अल्फिया आत्तार. पांढरा कोट, डोक्याला ओढणी, अंगानं काडी. स्टूल ओढून खाटेजवळ बसली आन् म्हणाली, "आजोबा, तुमची गोष्ट सांगता का?"

मी म्हणलं, "काय त्रास होतोय ते विचार की."

"न्हाई आजी, त्रासाचं विचारायचं न्हाई. आमच्या कॉलेजात नवीन तास सुरू झालाय. सर आमच्याकडनं कथा वाचून घेतात. कोण बोलतंय, काय बोलायचं टाळतंय, माणूस असा का वागला, ते विचारतात. आन् मग एका पेशंटजवळ बसून त्याची गोष्ट ऐकायची."

ऐकलंत? तिकडं माणसं मराय लागल्यात आन् डॉक्टर कथा वाचतायत! म्हणलं, ह्यात कायतरी काळंबेरं हाय. लिहून घेतलं असतं तर कागद तरी दिसला असता, पण ही लिहूनबी घेत न्हाई. नुसती बघत बसती. आमच्या शेजारच्या खाटेवरचा पेशंट शिराळ्याचा, त्याची बायको धोंडुबाई माझ्या कानाला लागून म्हणाली, "आवं, आदी असंच गोड बोलत्यात, मग किडनी काढत्यात." माझ्या अंगावर काटा आला.

मालकांनी तर त्या पोरीचीच चौकशी मांडली. गाव कुठलं? वडूज. वडील काय करतात? खटाव-माणच्या बाजारात अत्तर-सुरम्याचं दुकान मांडतात. बाजार कुठल्या वारी? वाटेत मोठी झाडं कसली? तिनं समदी उत्तरं दिली आन् हे मान हलवत राहिले, जणू ह्यांनी जन्मात वडूज बघितलंय! मग तिचा फोन खिडकीत ठेवायला लावला, वरनं टॉवेल टाकला आन् म्हणाले, "माझी गोष्ट न्हाई. बरं चाललंय. जा."

ती गेली. पण दुसऱ्या संध्याकाळी हजर! शुक्रवार उद्यावर आल्ता. नुकताच दिवस बुडाल्ता, ह्यांचं दूध पिऊन झाल्तं, आन् इथंबी तेच, पिताना भिंतीकडं तोंड आन् माझ्याकडं पाठ. मी तेच मनात घोळवत बसल्ते. अल्फियानं आपण हूनच फोन खिडकीत ठेवला, टॉवेल टाकला आन् स्टुलावर बसली. मालकांना ते आवडलं असणार. मला म्हणाले, "तू जरा पाणी भरून आण."

मला बाहेर घालवतात! म्हणलं, थांबा. कळशी उचलली, चार पावलं वाजवत गेले आन् धोंडुबाईच्या खाटेच्या हिरव्या पडद्याआड येऊन उभी राहिले. धोंडुबाईनं जागा करून दिली. तिलाबी ऐकायचंच हुतं.

मालक म्हणाले, "माझी न्हाई, माझ्या थोरल्या भावाची सांगतो. जिनाप्पा नाव त्याचं."

मी पडद्याआड कपाळाला हात लावला. ह्यांना भाऊ कुठला? चार बहिणींच्या पाठीवर हे एकटे! धडधडीत खोटं, ते बी त्या लेकराच्या तोंडावर.

"जिनाप्पा कामाला वाघ हुता," हे सांगायला लागले. "म्हातारपणी त्याला एक दुखणं लागलं. काय ते विचारू नको, बाईमाणसाला सांगण्यासारखं न्हाई. घरात कुणाला कळू द्यायचं नव्हतं, म्हणून तो लांबच्या गावाला जायचा औषधाला."

कराड!

"संध्याकाळी दूध घ्यायचा तवा भिंतीकडं तोंड करायचा."

पोरीनं दुखणं विचारलं न्हाई, औषध विचारलं न्हाई. ती म्हणाली, "भिंतीकडं तोंड का करायचा आजोबा?"

"कुणी बघू नये म्हणून."

"कुणी?"

"बायकोनं."

"बायको भांडायची का?"

मी कान टवकारले. आता निघंल समदं, म्हणलं.

"न्हाई गं," मालक म्हणाले. "भांडती, पण त्याचं काय न्हाई. ती जेवण सोडती. आमच्यात बायका नियम धरतात. घरात कुणाला बरं न्हाई की देवापुढं जाऊन ताटातलं एकेक सोडायचं, माणूस बरा होईस्तवर. पोराला टायफाईड झाला तवा तिनं तूप सोडलं. ते पुन्हा धरलंच न्हाई. जिनाप्पाचा पाय मोडला तवा साखर सोडली, भात सोडला. आता तिच्या ताटात उरलंय काय? भाकरी आन् आमटी. आता आणि एक दुखणं सांगितलं तर ती काय सोडंल?"

पडद्याआड मी कळशी घट्ट धरली. डोळ्याला धार लागली. आयुष्यभर मला वाटायचं, ह्या माणसाचं लक्ष काट्यावर, हिशेबावर, लोकांच्या लबाडीवर. माझ्या ताटात काय हाय हे ह्यांना ठाऊक असंल, असं मला सपनातबी वाटलं नव्हतं. आन् सांगू का, मला घामबी फुटला. कारण हे बस्तीत पडले त्या दिवशीच मी संध्याकाळचं जेवण सोडल्तं. दिवसातनं एकदाच जेवायचं, हे आपल्या पायानं चालत घरचा उंबरा ओलांडतील तवर. ह्यांच्या सांगलीतल्या बहिणीकडनं येणारा माझा संध्याकाळचा डबा धोंडुबाईच्या पोटात जात हुता. ते ह्यांना ठाऊक नसणार, अशी माझी समजूत हुती.

अल्फिया हळूच म्हणाली, "आन् दुधात काय असायचं, आजोबा?"

"दुधात? दूध." मालक एकदम सावध झाले. "झाली गोष्ट. जा आता."

आता माझ्यानं राहवंना. पडदा सारून मी पुढं झाले. "जिनाप्पाची बायको आलीया," म्हणलं. "बंडीचा आतला खिसा दाखवा."

मालकांचं तोंड बघण्यासारखं झालं. "ही चोरून ऐकती!" असं पोरीलाच सांगाय लागले. मी ऐकते व्हय? मी सरळ हात घातला. आतनं औषधाचं पाकीट निघालं, टोपीवाल्या गोळ्यांचं, कॅपसूल म्हणतात त्या. उशाखालनं एक वाटी निघाली आन् तिच्या बुडाला पांढरं कायतरी चिकटलेलं.

अल्फियानं पाकीट उजेडाला धरून वाचलं. "आजोबा, हे कुठल्या त्रासाचं हाय मला कळलं," ती म्हणाली. "लाजायचं काय न्हाई, वय झालं की लय पुरुषांना असतं."

"लघवीचं हाय," मालक भिंतीला म्हणाले. "रात्रीत दहादा उठाय लागतंय. आमचे वडील त्यातच गेले."

"एवढंच?" माझ्या तोंडातनं निघून गेलं. "आन् मी तुमच्यासाठी कराडात बाई शोधत हुते की वो!"

धोंडुबाई पडद्याआड फिसकन हसली. अल्फिया मात्र हसली न्हाई. तिनं वाटी दाखवून विचारलं, "हे रगडलेलं काय?"

मग मालकांनी सांगितलं. प्रवचनात ऐकल्तं, गोळीची वरची टोपी जनावराच्या हाडापासनं करतात. ते आमाला चालत न्हाई. म्हणून हे टोपी उघडून फेकून द्यायचे आन् आतले बारीक दाणे दुधात घालायचे. पण दाणे कवळीत अडकायचे. म्हणून वाटीच्या बुडानं पार पीठ करायचे.

मला वाटलं, आता ही शिकलेली पोरगी हसंल, न्हाईतर रागवंल. तर ती म्हणाली, "आमचे अब्बाबी टोपीवाली गोळी विचारून घेतात. कशाची हाय, आपल्याला चालती का. डॉक्टरला विचारायला लाजतात, मला विचारतात." मालकांनी तवा पहिल्यांदा तिच्याकडं नीट बघितलं.

"पण आजोबा, हे दाणे फोडायचे नसतात. औषध रात्रभर हळूहळू सुटावं म्हणून ते तसे केल्यात. पीठ केलं की समदं औषध एका टायमाला अंगात जातं आन् रक्तदाब उतरतो. बसलेला माणूस उठला की पडतोय."

तिनं तिथंच ह्यांचा रक्तदाब मोजला, आडवं झोपवून. मग उभं केलं. मी एका बाजूनं धरलं, धोंडुबाईनं दुसऱ्या. पुन्हा मोजला आन् पोरगी ताडकन उठली. ह्यांना झोपवलं, पायाखाली उशी दिली आन् मोठ्या डॉक्टरांना बोलवाय पळत गेली. मग माझ्या ध्यानात आलं. हे कवाबी पडले ते संध्याकाळीच, आन् मोठे डॉक्टर तपासाय यायचे ते सकाळी.

मोठे डॉक्टर आले, त्यांनी स्वतः मोजून बघितलं. म्हणाले, "कुठलं औषध चालू आहे म्हणून मी विचारलं होतं. तुम्ही नाही म्हणालात."

"तुमी विचारलं तवा माझं पोरगं उभं हुतं शेजारी. ही उभी हुती. चार पोरी उभ्या हुत्या," मालक म्हणाले. "असं विचारतात व्हय?"

डॉक्टर माणूस वाईट नव्हता. मशीनचं थांबवलं. म्हणाले, औषध बंद ठेवून बघू, ठोक्यांवर लक्ष ठेवू. आन् काय सांगू तुमाला, संध्याकाळ आली, गेली, हे उभं राहिले, मोरीला गेले, परत आले. दुसरी संध्याकाळ तशीच. मी मागं मागं हात पसरून, आन् हे माझ्यावर खेकसतायत, "व्हय बाजूला, मी काय लहान पोर हाय?" त्या लघवीच्या दुखण्याचीबी तपासणी झाली. वडलांसारखं कायबी न्हाई निघालं. बिनटोपीची गोळी लिहून दिली. डॉक्टरांनी गोमटेशला सांगितलं, मशीन नको, आन् गावाकडं राहायला काय हरकत न्हाई. गोमटेश माझ्याकडं बघून म्हणाला, "म्हशी विकायच्या न्हाईत मग?" मी म्हणलं, "तुझी गाडी विक."

घरी सोडायच्या दिवशी कागदपत्रांत लय वेळ गेला. गोमटेश खाली बिलाच्या खिडकीशी खेटे घालत हुता, दिवस कलाय लागल्ता. अल्फिया भेटाय आली. मालकांना म्हणाली, "आजोबा, तुमची गोष्ट आमच्या तासाला सांगू का?"

ह्यांनी डोळं बारीक केले. "नाव कुणाचं घालणार?"

"जिनाप्पांचं."

"मग सांग." मोठ्या मनानं परवानगी दिली, जणू खराच भाऊ हुता!

मग त्या पोरीनं स्टूल माझ्याकडं वळवलं. "आजी, आता तुमचं काय?"

"माझं काय? मी खणखणीत हाय," म्हणलं. ती माझ्या तोंडाकडं बघतच राहिली. मला अवघडल्यासारखं झालं. म्हणलं, "माझी एक चुलत बहीण हाय बघ, तिला अलीकडं उठताना जरा अंधारी—"

"हिला चुलत न्हाई, मावस न्हाई, कसलीच बहीण न्हाई," मालक खाटेवरनं बोलले. "आन् पोरी, ही संध्याकाळचा डबा त्या शिराळ्याच्या बाईला देती. मी आलो त्या दिवसापासनं बघतोय. उठताना खाटेचा दांडा धरती. हिला आदी खाली बसव."

धोंडुबाईनं पदर तोंडाला लावला. मी बसले. दांडा धरूनच. अल्फियानं माझ्या डोळ्याखालची कातडी ओढून बघितली आन् तिचं तोंड उतरलं.

"कशासाठी आजी? कवापर्यंत?"

आता लपवण्यात काय अर्थ हुता? म्हणलं, "हे आपल्या पायानं घरचा उंबरा ओलांडतील तवर."

मालक उठून उभं राहिले. मी हात पुढं केला, तो त्यांनी धरला न्हाई. खाटेखालनं चपला ओढल्या, पायात घातल्या, टोपी डोक्यावर चढवली आन् खिडकीतनं दिवस किती वर हाय ते बघितलं.

"आजोबा, कागद यायचेत अजून," अल्फिया म्हणाली.

"कागद पोरगं घेऊन यील मागनं," मालक म्हणाले. "दिवस बुडायच्या आत घर गाठाय पायजे. हिला जेवायचंय."